पाठीचा कौल

गिटारचा आवाज कसा असावा यावर तासन्‌तास बोलणारे लोक वेगळे आणि तो आवाज ज्या खोक्यातून बाहेर पडतो तो खोका उचलणारे लोक वेगळे, अशी विभागणी फार वर्षं चालत आली. त्यामुळे आवाजाबद्दल जे काही लिहिलं-बोललं गेलं ते पहिल्या मंडळींच्या कानांनी. दुसऱ्या मंडळींच्या कमरेला कुणी विचारलं नाही. एकदा मात्र विचारावं लागलं, आणि त्या एका खेपेनं रॉक संगीताचं नेपथ्यच बदललं.

१९६५च्या सुमाराची गोष्ट. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. गृहस्थ मूळचे ड्रमवादक, ड्रमच्या शिकवण्याही घ्यायचे; दुकानात येणाऱ्या पोरांच्या हट्टापायी अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागले. 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडला त्या वेळी होता त्याहून मोठा आवाज हवा होता. त्यानं मागणी केली ती एकाच खोक्यात बारा इंची आठ स्पीकरांची. मार्शल यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, वजनाची शंका त्यांनी तिथल्या तिथे काढली होती. टाउनशेंडचं म्हणणं, सामान उचलणाऱ्यांना त्याचेच तर पैसे मिळतात. थोड्याच दिवसांत स्वारी परत दुकानात. उचलणाऱ्यांनी हात टेकले होते. मग आठाचे चार-चार झाले, एक खोका दुसऱ्यावर चढला, वरच्याचा माथा किंचित मागे कलला, आणि पुढची कित्येक वर्षं जगभरच्या रंगमंचांवर जो काळा मनोरा दिसत राहिला, तो 'मार्शल स्टॅक' जन्माला आला. पोस्टरवर गिटारवाला दिसतो. पण त्या मनोऱ्याचा आराखडा हमालांच्या तक्रारीतून उतरलेला आहे, आणि तक्रार करणाऱ्यांची नावं पोस्टरवर नाहीत.

आमच्यासारख्या हौशी मंडळींची अडचण अशी, की टाउनशेंडही आम्हीच आणि हमालही आम्हीच. आमच्या बँडमध्ये एक दंतवैद्य आहे, एक बँकेतला आहे, एक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. सगळे पन्नाशीच्या अल्याड-पल्याड. सोसायटीचा गणपती, कुणाचा तरी पन्नासावा वाढदिवस, कधीमधी एखाद्या हॉटेलची गच्ची, अशी आमची संगीतसेवा. गच्चीवर कार्यक्रम ठेवणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधीच पडत नाही, तो म्हणजे लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का. ती नेहमी एक मजला अलीकडे थांबते. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करण्याचा कायदा आहे, त्यामुळे वाजवणं वेळेत संपतं. पण तोच जिना उतरताना खोका कुठल्या वेळेपर्यंत वाजवावा, म्हणजे पायऱ्यांवर आपटावा, याबद्दल कायदा काही म्हणत नाही.

मणक्याच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरून विचारलं, "तुमचं काम वजन उचलायचं आहे का?"

म्हटलं, "नाही डॉक्टर, संगीताची आवड आहे."

त्यांनी एक्स-रेवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

तिथून हलक्या स्पीकरांचा शोध सुरू झाला. मला काय हवं होतं ते आपल्याकडे पूर्वीच सांगून ठेवलेलं आहे: आखूडशिंगी, बहुदुधी. वजनाला हलका, आवाजाला भरदार, किमतीला सोसवणारा. तिन्ही गोष्टी एका स्पीकरात मिळत नाहीत. दोन मिळतात, आणि तिसरीसाठी आपण स्वतःची समजूत घालतो.

आधी खोक्याविषयी सांगायला हवं, कारण सगळा दोष स्पीकरांवर ढकलणं अन्यायाचं होईल. माझा खोका दोन स्पीकरांचा. तो परदेशी नाही; आमच्याकडे स्वयंपाकघराची कपाटं करणाऱ्या सुतारानं तो केलेला आहे. मी मापांचा कागद दिला होता. बारा इंची स्पीकरला भोक अकरा इंचांहून जेमतेम मोठं का पाडायचं, हे त्याला पटायला वेळ लागला. "बारा म्हणता तर बारा घ्या ना," असं त्याचं म्हणणं. बारा इंच ही पत्र्याच्या कडेपर्यंतची रुंदी, स्क्रू बसायला कडेखाली लाकूड नको का? हे पटल्यावर त्यानं बाकीचा कागद बाजूला ठेवला आणि १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणला. मी म्हटलं, हा पाण्यात नाही ठेवायचा. तो म्हणाला, "साहेब, हत्ती बसला तरी हलणार नाही." त्याचं खरं ठरलं. तो खोका हलत नाही. नुसतं लाकूडच अठरा किलोंच्या आसपास. युरोपातले लोक बर्च किंवा पाइनचा प्लाय वापरतात, पाइनचा खोका बराच हलका होतो. पण आमच्या सुताराच्या शब्दकोशात हलकं लाकूड आणि वाईट लाकूड यांत भेद नाही.

त्यात दोन स्पीकर, सेलेस्टियनचे 'व्हिंटेज ३०'. हा इंग्रजी स्पीकर १९८६ साली आला आणि तेव्हापासून गिटारवाल्यांच्या गळ्यातला ताईत आहे. एकेकाचं वजन ४.७ किलो, त्यात नुसतं चुंबक जवळपास दीड किलोचं. दोघे मिळून ९.४. म्हणजे लाकूड, स्पीकर, जाळी, हँडल, खिळे-स्क्रू धरून अठ्ठावीस किलोंचा ऐवज. मोठ्या चार स्पीकरांच्या मार्शल खोक्याचं वजन छत्तीस किलोंच्या घरात असतं, त्या मानानं हा लहान भाऊ. पण लहान भावालाही कडेवर घेऊन जिना चढायचा म्हटलं की तो लहान राहत नाही.

चुंबक इतकं जड का लागतं? स्पीकरची युक्ती साधी आहे. कागदाच्या शंकूच्या तळाशी तारेचं एक वेटोळं असतं, ते चुंबकाच्या फटीत लोंबकळतं. अ‍ॅम्प्लिफायरमधून आलेली वीज वेटोळ्यातून गेली की ते पुढं-मागं होतं, कागद हवेला ढकलतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी छताला काठी लावतात. यात खरोखर आवाज होते ती वीज थोडीच. चांगला कार्यक्षम गिटार स्पीकरसुद्धा शंभर वॅटांतले पाच-सहा वॅटच आवाजावर खर्च करतो. बाकी सगळी उष्णता. खोका नुसता जड नाही, तो शेगडीही आहे.

सुरुवातीला हे चुंबक अल्निकोचं असे: अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट. बीटल्सच्या मागे उभा असलेला व्हॉक्सचा अ‍ॅम्प्लिफायर या चुंबकांवर चाले. अल्निको महाग पडतं म्हणून साठच्या दशकात फेराइट आलं, म्हणजे लोहाची भस्मं स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमबरोबर भट्टीत भाजून केलेली चकती. दिसायला सिरॅमिक, किमतीला स्वस्त, पण तेवढीच ताकद मिळवायची तर चकती भलीमोठी लागते. तरी काही कंपन्या अल्निकोला चिकटून होत्या. मग १९७८ साली झाईरमधल्या खाणींच्या प्रांतात गोंधळ उडाला, कोबाल्टचे भाव कडाडले आणि त्याही फेराइटकडे वळल्या. ज्याला आपण 'सत्तरच्या दशकाचा अस्सल आवाज' म्हणून डोळे मिटून ऐकतो, त्यातला काही भाग आफ्रिकेतल्या खाणींचा बाजारभाव आहे.

निओडिमियम कानामागून आलं आणि तिखट झालं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक यांनी जवळजवळ एकाच वेळी निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचं चुंबक तयार केलं. हिंगाच्या खड्यासारखं ते एवढंसं असलं तरी सगळ्या डब्याला पुरतं. सेलेस्टियनचाच 'निओ क्रीमबॅक' घ्या: बारा इंची, ६० वॅट सोसणारा आणि वजन १.९ किलो. 'व्हिंटेज ३०'सुद्धा ६० वॅटच सोसतो. वॅट तेवढेच आणि वजन निम्म्याहूनही कमी म्हटल्यावर माझ्या पाठीनं मान डोलावली. अमेरिकेत केंटकीमध्ये एमिनन्स ही कंपनी 'लिल टेक्सस' नावाचा हलका स्पीकर करते. जेन्सनचा 'टोर्नेडो'ही आहे. आणि फेंडरनं २०१९ साली आपल्या जुन्या 'ट्विन रिव्हर्ब'ची जी नवी 'टोन मास्टर' आवृत्ती काढली, तिच्यात पाइनचा खोका, जेन्सनचे निओ स्पीकर आणि व्हॉल्व्हच्या जागी संगणक बसवून २९ किलोंचा अ‍ॅम्प्लिफायर १५ किलोंवर आणला. जुन्या वळणाच्या लोकांना त्यातला संगणक खटकतो. माझ्या वयाच्या लोकांना १५ हा आकडा दिसतो.

निओची एक खोड आहे, ते तापलं की ढिलं पडतं. साध्या प्रतीचं निओडिमियम चुंबक ऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ताकद गमावू लागतं, म्हणून उष्णता बाहेर काढायची सोय स्पीकर घडवतानाच करावी लागते. आणि भावाचं म्हणाल तर इथेही खाण आहेच: २०१० नंतर चीननं निर्यातीला वेसण घातली तेव्हा हे भाव अस्मानाला भिडले होते. पाठीसाठी म्हणून काही घ्यावं तर त्यातही भूगोल शिकावा लागतो.

कागदावरचं हे सगळं पटलं तरी हातात घेतल्याशिवाय खरेदी कसली? एका ओळखीच्याचा निओ स्पीकर मागून घेतला आणि पुण्यातल्या बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत, माझ्या नेहमीच्या स्पीकर दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. जळलेली वेटोळी काढून नवी बसवण्यात या माणसाची हयात गेली. त्यांनी चष्मा वर सारला, स्पीकर तळहातावर घेतला, दोनदा वर-खाली केला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी फसवला गेलोय आणि ते सांगायचं वाईट काम त्यांच्यावर आलंय.

"ह्यात माल कुठाय?"

"काका, चुंबक लहान असतं याचं. नवीन पद्धत."

"ते कळलं. पण माल कुठाय?"

मी निओडिमियमचं सगळं पुराण लावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला, कागद दोन्ही हातांच्या बोटांनी अगदी हलकेच आत दाबून पाहिला, वेटोळं कुठं घासत नाही ना ते कान लावून ऐकलं, आणि म्हणाले, "कागद बरा आहे. आवाज कागदाचा असतो. ह्या चुंबकाचं काय घेऊन बसलात."

गिटारवाले लोक वर्षानुवर्षं ज्यावरून हमरीतुमरीवर येतात, त्याचा निकाल काकांनी चहा येईपर्यंत लावला. चुंबकाचं काम त्या फटीत पुरेसं बळ उभं करणं. ते बळ मिळालं की कागदाची जाडी, त्याच्या वळ्या, कडेला फासलेला चिकट लेप, वेटोळ्याचं वजन, यांवर आवाज ठरतो. शिवाय गिटारचा स्पीकर म्हणजे काही दिवाणखान्यातला संगीत ऐकायचा स्पीकर नव्हे. पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वर त्याचा गळा बसतो, आणि बसतो म्हणूनच बरं. नाहीतर गिटारचा तो फाटका आवाज कानात कुसळासारखा शिरला असता. त्याचं हे उणेपणच सगळ्यांना आवडतं. दोन वेगळ्या स्पीकरांमध्ये फरक नसतो असं मी म्हणत नाही. असतो, आणि चांगला ऐकू येतो. माझ्या मते तो धातूकडून कमी येतो आणि कागदाकडून जास्त.

आता मला सर्वांत गमतीची वाटलेली गोष्ट. आम्ही या फरकाबद्दल बोलतो ते उभ्यानं. खोका असतो जमिनीवर. बारा इंची स्पीकर आपले वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे समोर फेकतो. बाजूला किंवा वर उभं राहिलं की ते सूर चुकतात. म्हणजे खोक्यापासून चार फुटांवर, त्याच्याकडे पाठ करून उभा असलेला गिटारवाला स्वतःची गिटार ऐकतो ती पोटऱ्यांनी. त्याला आवाज दबका वाटतो, तो तिखट सूर वाढवतो, आणि समोर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानाचा पडदा थरथरतो. खोका नुसता उचलून खुर्चीवर ठेवला, थोडा मागे कलता केला, तर जो फरक पडतो तो चुंबक बदलून पडत नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. तरी खोका खुर्चीवर कुणी ठेवत नसे, कारण अठ्ठावीस किलो खुर्चीपर्यंत न्यायचे कुणी? पाठ जपल्यानं कानाचा फायदा होतो, हे त्या दिवशी लक्षात आलं आणि मला फार मोकळं वाटलं. आता घरी सांगायला कारण मिळालं होतं. 'पाठ दुखते' म्हटलं की उत्तर येतं, 'मग वाजवू नकोस'. 'आवाज सुधारतो' या वाक्याला असं सरळ उत्तर नाही.

आपल्या शास्त्रीय गायकांनी हा हिशेब केव्हाच केला. मिरजेचे तंबोरे जगात नावाजलेले, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण रेल्वेच्या डब्यात भोपळा सांभाळत प्रवास करणाऱ्यालाच त्याचं दुःख कळतं. पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी आली. जवारीची सर तिला नाही, हे तेव्हाही सगळे म्हणाले, आजही म्हणतात, आणि डबी पिशवीत टाकून गाडी पकडतात.

शेवटी मी एकच निओ स्पीकर घेतला. याला तीन कारणं सांगतो, त्यांतलं खरं तुम्ही निवडा. एक, परदेशातून मागवायचा तर स्पीकरच्या किमतीवर वाहतूक आणि आयातशुल्क चढत जातं, आणि दोन घेतले तर ते दुप्पट चढतं. दुसरं, एका खोक्यात दोन स्वभावांचे स्पीकर ठेवण्याची चाल जुनी आहे. 'व्हिंटेज ३०' थोडा तोंडाळ, मधल्या सुरांत पुढे पुढे करणारा, त्याला एखादा मवाळ जोडीदार मिळाला की दोघांचं बरं जमतं. तिसरं, जुना स्पीकर विकायला जीव होत नव्हता.

दोन वेगळे स्पीकर एकत्र आणायचे तर पत्रिका मात्र जुळवावी लागते. दोघांचे ओह्म सारखे हवेत. माझा जुना सोळा ओह्मचा, म्हणून नवाही सोळाचा. समांतर जोडले की आठ होतात, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे आठ लिहिलेल्या भोकात वायर जाते. हे न पाहता जोडलं तर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर रुसतो, आणि त्याची समजूत काकांनाही काढता येत नाही. दुसरं म्हणजे दोघांनी एकाच वेळी पुढे यायला हवं. एक पुढे आणि दुसरा मागे झाला, तर हवेतल्या हवेत एकमेकांना खाऊन टाकतात आणि खालचे सूर गायब होतात. त्यासाठी काकांनी शिकवलेली परीक्षा सोपी आहे: टॉर्चचा साधा सेल घ्यायचा, त्याचं अधिक टोक स्पीकरच्या लाल टोकाला आणि उणे काळ्याला क्षणभर टेकवायचं. कागद पुढे उडी मारतो. काही जुने जेबीएल स्पीकर याच्या बरोबर उलट, लाल टोकाला अधिक लावलं की मागे सरकणारे. म्हणून रंगावर विसंबायचं नाही, कागदाकडे पाहायचं. त्या 'टप्' अशा बारीक आवाजाबरोबर कागद केसभर पुढे येतो आणि सेल काढला की परत जागेवर बसतो. दंतवैद्य मित्र हे पाहत होता, तो म्हणाला, "अरे, नर्व्ह जिवंत आहे का बघायला आम्हीही असंच करतो."

नवा स्पीकर पहिल्यांदा आखडलेला वाजतो. कागदाची कड आणि आतली लवचीक जाळी सैल व्हायला तो काही तास वाजवावा लागतो. तेवढ्यात कानालाही सवय होते, त्यामुळे नक्की कोण सैल झालं ते सांगता येत नाही. पण आता खोका खुर्चीवर चढला. मी स्वतःची गिटार पोटऱ्यांऐवजी कानांनी ऐकली आणि तिखटाचं बटण बरंच खाली आणलं. कार्यक्रमानंतर सेक्रेटरी म्हणाले, यंदा आवाज नवा वाटला, नवीन गिटार का? मी हो म्हटलं.

अडचण निघाली ती निराळीच. खोक्याला वरच्या फळीच्या मधोमध एकच हँडल आहे. आता एका बाजूला ४.७ किलो आणि दुसऱ्या बाजूला १.९. उचलला की खोका 'व्हिंटेज ३०'च्या बाजूला कलतो, आणि जिन्यात खालचा कोपरा बरोबर डाव्या गुडघ्याची वाटी शोधतो. सुताराला बोलावलं. त्यानं खोका एका हातानं उचलला, दारापर्यंत नेला, परत आणला आणि विचारलं, "साहेब, आत एकाच बाजूला भरलंय का काही?" मी निओडिमियमचं पुराण पुन्हा काढणार होतो, पण त्यानं कानामागची पेन्सिल घेतली होती. हँडल दीड बोट जड बाजूकडे सरकवलं. जुन्या स्क्रूंच्या भोकांत लांबी भरली, वर काळा रंग लावला. मग हिशेबाचा कागद दिला. त्यात 'हँडल सरकवणे' असं एक कलम होतं आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, 'खोका वर-खाली उचलणे, मजुरी'.